दान, डाव आणि बोलणी

माणसाचा स्वभाव पारखावयाचा असेल तर त्याचा हात पाहू नये, पत्रिका तर मुळीच पाहू नये. त्याला कोणता बैठा खेळ आवडतो एवढेच विचारावे, असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे. सापशिडीत रमणारा माणूस साहेबाच्या एका सहीसाठी दोन तास शांतपणे बाकावर बसू शकतो. बुद्धिबळाचा भक्त तेवढ्याच वेळात नियमपुस्तकातला एखादा विसरलेला पोटनियम शोधून काढतो. आणि व्यापाराच्या पटावर ज्याचा जीव रमतो तो एव्हाना साहेबाच्या शिपायाशी दोस्ती करून आत गेलेला असतो! काम तिघांचेही होते. प्रश्न एवढाच की ते दैवाने झाले, बुद्धीने झाले, की बोलण्याने झाले?

आमच्या वाईच्या घरात या प्रश्नावर दोन पक्ष होते, आणि दोन्ही पक्ष एकाच पंक्तीला जेवत होते. अण्णा शाळामास्तर, त्यांचा पक्ष बुद्धिबळाचा. ज्या खेळात हरल्यावर दोष द्यावयाला दुसरे कोणी उरत नाही तोच खरा खेळ, असे त्यांचे मत. १९७४ साली महिलांची राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा प्रथम भरली आणि ती वासंती खाडिलकरांनी जिंकली, ही गोष्ट ते अशा अभिमानाने सांगत की ऐकणाऱ्याला खाडिलकर आमचे नातलगच वाटावेत. आईचा पक्ष सारीपाटाचा. तिचा पट कापडाचा, माहेरून आलेला. कवड्यांची लहानशी पिशवी देवघराशेजारच्या फडताळात. अण्णा म्हणत, "फाशांवर संसार ठेवणाऱ्याचे काय होते ते व्यासांनी एकदा सांगून ठेवले आहे." त्यावर आई कवड्या खुळखुळवीत म्हणे, "मागून पडत नाही म्हणूनच त्याला दान म्हणतात. पडेल त्यात चालावे लागते. तुमच्या वजिराला ही सवय नाही." चार वर्षांपूर्वी अण्णा गेले. २०२५ साली नागपूरच्या दिव्या देशमुखने बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हा ती बातमी सांगावयाला ते हवे होते, असे फार वाटले.

लहानपणी मी अण्णांच्या पक्षात असे, कारण त्या पक्षाला प्रतिष्ठा होती. पुढे आकड्यांच्या नोकरीत आलो आणि एका सुटीत आईच्या कवड्यांचा हिशेब मांडून पाहिला. कवड्या सहा. प्रत्येक कवडी उताणी पडेल किंवा उपडी. दोन्हींचा संभव सारखा धरला तर एकंदर ६४ प्रकारांनी त्या पडू शकतात. त्यांपैकी तीन उताण्या नि तीन उपड्या असे प्रकार २०. सहाच्या सहा उताण्या असा प्रकार एकच. म्हणजे मोठ्या दानाची वाट पाहत बसणारा खेळाडू ६४ त एकाच्या आशेवर बसलेला असतो, आणि मधल्या दानांवर आपली बेगमी करणारा पुढे सरकतो. आईला हे आकडे ठाऊक नव्हते. तिची चाल मात्र नेमकी या आकड्यांना धरून असे. पटाला चार पट्टे, प्रत्येक पट्ट्यात तीन ओळी, ओळीत आठ घरे, अशी सारी ९६ घरे. त्यांतून कोणती सोंगटी पुढे काढावयाची, कोणती आडोशाला ठेवावयाची, दुसऱ्याची मारण्याच्या मोहात आपली उघड्यावर टाकावयाची की नाही, हे कवड्या सांगत नाहीत. दान दैवाचे, पण चाल आपली. सापशिडीत मात्र चालही आपली नसते. तिच्या जुन्या रूपाला आपण मोक्षपट म्हणतो आणि परंपरा त्याचे कर्तृत्व ज्ञानेश्वरांकडे देते. पापपुण्याचा धडा त्यात आहे. परंतु शिडी चढावी की साप टाळावा हे ठरविण्याचा अधिकार खेळणाऱ्याला नाही. बुद्धिबळात नेमके उलटे: तेथे दान नाहीच; पांढरी मोहरी कोणाकडे येतात एवढ्यापुरतेच काय ते नशीब.

सारीपाटाची आणखी एक खुबी मला पुष्कळ उशिरा उमगली. चौघे बसले की समोरासमोरचे दोघे एकमेकांचे भिडू. बुद्धिबळात समोर बसतो तो शत्रू. सारीपाटात समोर बसतो तो आपला, आणि मांडीला मांडी लावून बसलेले दोघे परके! इंग्रजांनी आपली पचिशी उचलली आणि १८९६ साली 'लुडो' या नावाने तिचे पेटंट घेतले. कवड्या जाऊन फासा आला, हे सर्वांनाच दिसते. पण भिडू गेला आणि प्रत्येक जण आपापला झाला, याची फारशी कोणी दखल घेत नाही. २०२० च्या टाळेबंदीत घरोघर मोबाइलवर लुडोचे डाव रंगले. माणसे दूरच्या आप्तांशी खेळत होती आणि तरीही पटावर ज्याचा तो एकटाच होता.

एकाच दानाचा अर्थ लावण्यातही मुलखामुलखाचा फरक असतो. माझी पहिली नेमणूक दिल्लीची. तेथे सरकारी क्वार्टर मला अपेक्षेपेक्षा लवकर मिळाले, तेव्हा कानपूरकडच्या एका सहकाऱ्याने पाठीवर थाप मारून म्हटले, "आपकी तो पौ बारह है!" मी चपापलो. आपल्याकडे पोबारा करतो तो चोर, नाहीतर देणेकरी! मग उलगडा झाला. एक आणि बारा हे फाशांवरचे उत्तम दान. हिंदीने त्यात उघडलेले भाग्य पाहिले; मराठीने ते पडताच सोंगटी घेऊन निसटण्याची संधी पाहिली. आपण बदलीच्या गावी पोहोचताच परतीचे वेळापत्रक का पाहू लागतो, याचे मूळ कदाचित या वाक्प्रचारात असेल.

सध्या माझा मुक्काम शिलाँगला आहे. रविवार सोडून रोज दुपारी येथल्या पोलो मैदानाशी धनुर्धारी जमतात आणि एका लक्ष्यावर झरझर बाण सोडतात. मग रुतलेले बाण मोजतात. त्या आकड्याचे शेवटचे दोन अंक ज्याने आधी वर्तविले असतील त्याला पैसे मिळतात. 'तीर' नावाचा हा खेळ सरकारी परवान्याने चालतो. मी पैसे कधी लावले नाहीत, पण बाण मोजताना उभा राहून पाहिले आहे. धनुर्धाऱ्याच्या बाजूने पाहिले तर प्रत्येक बाण हे कौशल्य. आकडा लावणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर तेच सारे बाण मिळून दैव! दैव म्हणून काही निराळी वस्तू नसावी. दुसऱ्याने नेम धरून सोडलेला बाण आपल्यापर्यंत पोहोचेतो त्याचे दैव होत असावे. आपल्या बदलीचा हुकूम मुख्य कचेरीत रिकाम्या जागांच्या रीतसर हिशेबाने निघतो. आपल्या हाती पडतो तेव्हा ते दान असते.

येथवर दोनच पक्षांची गोष्ट झाली. तिसऱ्या पक्षाची ओळख मला या गावाने करून दिली. आमच्या वसाहतीत पावसाळ्याच्या शनिवारी संध्याकाळी तीन-चार बिऱ्हाडे एकत्र बसतात. केरळी शेजाऱ्यांचा मुलगा बंगळूरला शिकतो. तो एका सुटीत 'कॅटन' नावाचा पट घेऊन आला. क्लाउस टॉयबर या जर्मन गृहस्थाचा हा खेळ १९९५ साली निघाला. टॉयबर हे व्यवसायाने दातांच्या कवळ्या बनविणारे तंत्रज्ञ होते. षट्कोनी तुकड्यांचे एक बेट मांडावयाचे. १९ तुकडे, कोठे रान, कोठे कुरण, कोठे शेत, कोठे डोंगर, कोठे विटांची माती, आणि एक तुकडा वाळवंटाचा. वाळवंट सोडून प्रत्येकावर एक आकडा. दोन फासे टाकले की बेरजेच्या आकड्याची जमीन पिकते आणि तिच्या काठी ज्याची वस्ती असेल त्याला तो माल मिळतो. सहा आणि आठ हे आकडे ३६ त पाच-पाच वेळा येण्यासारखे. दोन आणि बारा एकेकदाच. म्हणजे जागा निवडण्यात बुद्धी आहे आणि फासे टाकण्यात दैव आहे. पण एवढ्याने डाव पुरा होत नाही. रस्त्याला विटा लागतात नि लाकूड लागते, आणि आपल्याजवळ असते नुसती लोकर! मग तोंड उघडावे लागते. "दोन लोकरी देतो, एक वीट द्या." पेढीकडे गेलात तर ती चार घेते आणि एक देते. शेजारी एकास एकही देतो. मात्र त्याला तुमच्याशी बोलावेसे वाटले पाहिजे.

या पटावर मी पुष्कळांना पाहिले. वरच्या मजल्यावरचे बंगाली दादा संभवांचे गणित तोंडपाठ करून बसतात, उत्तम जागा पटकावतात आणि मध्यापर्यंत सर्वांच्या पुढे असतात. मग ज्याला नडलेले पाहतात त्याच्याकडून एका विटेला तीन पोती धान्य घेतात. त्यानंतर त्यांच्याशी कोणी सौदा करीत नाही, आणि हातात माल असून त्यांचा रस्ता अर्ध्यावर थांबतो. याच्या उलट आमच्या कचेरीतल्या खासी बाई. मोठ्या बहिणीसारख्या स्त्रीला येथे 'काँग' म्हणतात. आम्ही सारे त्यांना काँग म्हणूनच हाक मारतो. त्यांच्या आईचे येथल्या मोठ्या बाजारात, इयूदूहमध्ये, दुकान होते. त्या बाजारात गल्ल्यावर बहुतेक बायाच असतात. काँग स्वतःला काय हवे ते कधीच आधी सांगत नाहीत. फासे पडले की समोरच्याला विचारतात, "तुमचे कशावाचून अडले आहे?" तो सांगतो. मग त्या हातातली पाने चाळतात, नसेल तर तिसऱ्याकडे बोट दाखवितात: "त्यांच्याजवळ आहे, त्यांना लोकर हवी आहे, तुम्ही दोघे बोला." स्वतःचा लाभ नसलेला सौदा त्या जुळवून देतात! पुढच्या फेरीला दोघेही त्यांच्याकडे वळतात हे निराळे सांगावयाला नको. वाईट आकड्यांवर वस्ती असताना त्यांना दहा गुण पुरे करताना मी अनेकदा पाहिले आहे. अण्णा असते तर म्हणाले असते, हा खेळ नव्हे, हा बाजार. पण बाजारालाही बुद्धी लागते. फक्त ती आपल्या डोक्यात नुसती साठवून चालत नाही, समोरच्याच्या डोक्यात उतरून पाहावी लागते.

बोलण्याच्या खेळांचा शोध घेताना एक गंमत हाती लागली. ती आपल्यासारख्या सरकारी नोकरांनी अवश्य लक्षात ठेवावी. आपण ज्याला व्यापार म्हणतो त्याचे मूळ 'मोनोपली'. ती १९३५ साली पार्कर ब्रदर्स या अमेरिकन कंपनीने बाजारात आणली. पण तिच्याही आधी, १९०४ साली, एलिझाबेथ मॅगी या बाईंनी 'लँडलॉर्ड्स गेम' या नावाने अशाच पटाचे पेटंट घेतले होते. जमिनीचे भाडे थोड्यांच्या हाती साचले म्हणजे बाकीच्यांचे काय होते, हे हेन्री जॉर्जचे अर्थशास्त्र लोकांना खेळता खेळता कळावे, हा त्यांचा हेतू. बाईंनी वॉशिंग्टनच्या टपाल खात्यात, ज्या पत्रांना धनी सापडत नाही अशा पत्रांच्या कचेरीत, लघुलेखक म्हणून नोकरी केली होती. त्यांचे पेटंट कंपनीने ५०० डॉलरला विकत घेतले, आणि पुढील नफ्यात त्यांचा वाटा ठेवला नाही. घासाघिशीचा खेळ जिने शोधला तिला स्वतःच्या खेळाची किंमत मिळविता आली नाही! दुसरा खेळ 'डिप्लोमसी'. युरोपचा नकाशा, सात सत्ता, फासे मुळीच नाहीत. फेरीच्या आधी सर्वांनी कोपऱ्याकोपऱ्यात जाऊन खलबते करावयाची, आणि मग प्रत्येकाने आपले हुकूम कागदावर लिहून एकदम उघड करावयाचे. तो अ‍ॅलन कॅलॅमर यांनी १९५४ साली रचला आणि १९५९ साली स्वतःच्या खर्चाने ५०० प्रती काढून विकावयास आणला. हे गृहस्थ पुढे पोस्टमन झाले. एक बाई पत्ता हरवलेल्या पत्रांच्या कचेरीतली, एक गृहस्थ घरोघर पत्रे पोहोचविणारे. एकाचे म्हणणे दुसऱ्यापर्यंत नीट पोहोचणे किती अवघड असते, हे टपाल खात्याहून अधिक कोणाला कळणार?

आपल्या व्यासांनाही ते कळले होते. अण्णा द्यूतपर्वाशी थांबत. नलाच्या कथेपर्यंत त्यांनी यावयास हवे होते. फाशांत राज्य गमावलेला नल अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाकडे बाहुक या नावाने सारथ्य करतो. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची वार्ता ऐकून ऋतुपर्ण घाईने विदर्भात, कुंडिनपुराला निघतो. वाटेत बेहड्याचे झाड लागते. राजा एका दृष्टिक्षेपात त्याची पाने आणि फळे किती ते सांगतो. नल काय करतो? रथ थांबवितो, झाड पाडतो आणि फळे मोजून पाहतो! लेखापरीक्षेच्या खात्यात तो शोभला असता. मोजणी तंतोतंत जुळते आणि नल राजाला म्हणतो, ही विद्या मला द्या, घोड्यांची विद्या मी तुम्हांला देतो. राजाला घाई आहे. तो फाशांचे हृदय तेथेच नलाला देऊन टाकतो, आणि अश्वहृदय तूर्त तुझ्याकडेच ठेव म्हणून राहू दे, असे सांगतो. त्याच क्षणी कली नलाच्या अंगातून बाहेर पडतो. महाभारतात दैव उतरले ते मंत्राने नव्हे, युद्धाने नव्हे. दोन अडलेल्या माणसांनी रस्त्यावर केलेल्या सौद्याने उतरले, आणि तोही एका बाजूने उधारीचा! आपल्याजवळ काय कमी आहे हे दोघांनाही ठाऊक होते, आणि ते बोलून दाखविण्याचा कमीपणा दोघांनाही वाटला नाही.

ही कथा मला या वर्षी वारंवार आठवते याला कारण आहे. आई आता वाईला एकटीच असते. गुडघे धरले आहेत. शेजारच्या वहिनी सकाळसंध्याकाळ डोकावतात. "शिलाँगला चल" म्हटले की ती थंडीचे निमित्त सांगते. बदलीसाठी मी रीतसर अर्ज केला होता; पण एकतर्फी विनंतीची रांग लांब असते. रांगेत उभे राहणे ही सापशिडी. पोटनियम शोधणे हे बुद्धिबळ. तिसरा मार्ग आपसी बदलीचा, ज्याला कचेरीत आपण सारे 'म्युच्युअल' म्हणतो. एका शनिवारी डाव संपल्यावर आईचा विषय निघाला. काँगनी नेहमीच्या सवयीने विचारले, "तुमचे कशावाचून अडले आहे?" मी सांगितले. पंधरा दिवसांनी त्या एक नंबर घेऊन आल्या. जोवईचा एक तरुण आमच्याच खात्याच्या पुण्याच्या कचेरीत आहे. त्याचे वडील अंथरुणाला खिळलेले आहेत, आणि त्याला परत यावयाचे आहे.

त्याच्याशी माझे बोलणे तीन आठवडे चालले. सौदा फुकटचा नव्हता. ज्येष्ठतेच्या यादीत दोघांनाही खाली उतरावे लागणार; माझ्या हिशेबाने माझी बढती तीन-चार वर्षे लांबणीवर पडते. माझ्या पत्नीने येथे शाळेत जम बसविला आहे. मुलगी चौथीत आहे आणि मैत्रिणींशी खासीत भांडते. आम्ही दोघांनी एका रात्री बसून काय जाते नि काय मिळते ते कागदावर मांडले. पत्नी शेवटी म्हणाली, "यादीतली जागा पुन्हा वर सरकेल. आईंचे वय सरकते ते एकाच दिशेने." फोनवर त्या तरुणाने प्रथम मान्य केले ते सगळे, आणि मग दबकत विचारले की मार्चपर्यंत थांबता येईल का, मुलाची परीक्षा आहे. मला तर दिवाळीच्या आत जावयाचे होते. मी थोडे ताणले असते तर तो वाकला असता, कारण त्याची नड माझ्याहून मोठी होती. हे त्याच्या आवाजावरून कळत होते. पण अशा वेळी तीन पोती धान्य घेणाऱ्याचा रस्ता पुढे कोठे थांबतो, ते मी पटावर पाहिलेले होते. मार्च ठरला. त्यानेही आपण होऊन सांगितले की तोवर महिन्यातून एखाद्या रविवारी वाईला जाऊन आईंना भेटून येईन. पुण्याहून फारसे लांब नाही.

दोन्ही अर्ज आता योग्य मार्गाने वर गेले आहेत. चाल झाली, बोलणी झाली. पुढचे दान सक्षम अधिकाऱ्याच्या टेबलावर आहे, आणि तेथे आम्हां दोघांचेही काही चालत नाही. ते कसे पडेल याची हमी मला कोणी दिलेली नाही. परंतु एवढे खरे की या वेळी ते एकट्यावर पडणार नाही. समोर बसलेला कोणीतरी माझ्याइतकाच डोळे लावून त्याची वाट पाहत आहे.

आईला फोनवर सारे सविस्तर सांगितले. बढती लांबणार हेही सांगितले. मला वाटले, ती कधी येणार ते विचारील, किंवा कशाला उगीच नुकसान करून घेतोस म्हणून रागावेल. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "त्या मुलाच्या वडिलांना आता बरे आहे का रे?"